मी माझ्या टिप्स परत घेतो आहे

२०१८च्या गणपतीत शिरवणे गावातल्या आमच्या मंडळासाठी मी एक पत्रक लिहिलं होतं. 'ऑनलाइन आयुष्य सांभाळा : दहा सोप्या टिप्स आणि मोफत साधनं' असा मथळा होता. पिवळ्या कागदावर पाचशे प्रती छापल्या आणि आरतीनंतर पोरांनी त्या प्रसादाबरोबर वाटल्या. पासवर्ड लांबलचक ठेवा. प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. तो कुठेही लिहून ठेवू नका. घरच्यांनाही सांगू नका. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवा, म्हणजे फोन हरवला तरी चिंता नाही. ओटीपी कुणालाही देऊ नका. आणखी तीन होत्या, त्या आता आठवत नाहीत.

मी रुळांपलीकडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हिशेब बघतो आणि तिथला सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे गावात 'कॉम्प्युटरवाला' ही माझी जुनी ओळख. पत्रक लोकांना आवडलं. काहींनी ते फ्रिजला चिकटवलं. मलाही आपण समाजकार्य केल्यासारखं वाटलं.

ते पत्रक मी आज जाहीरपणे मागे घेतो आहे. त्यातली एकही टिप खोटी नव्हती. इंटरनेटवर आजही अशा याद्या रोज निघतात आणि त्यात जवळजवळ हेच असतं. पण त्या पत्रकाने आमच्याच घरात एक नुकसान केलं, आणि ते कुणाच्या निष्काळजीपणामुळे झालं नाही. सगळ्यांनी सगळं नीट पाळलं म्हणून झालं.

माझी आत्या धवलारीण. गावातच दिलेली. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते. हळदीपासून पुढचे विधी तिच्या गाण्यांवर चालतात. आत्याचे धवले कुठल्या पुस्तकात नव्हते, तिच्या सासूकडून तिच्या तोंडी आले होते. आतोबांना निवृत्तीनंतर छंद लागला. आत्या कुठेही गायला गेली की हे फोन पुढे धरून बसायचे. चार-पाच वर्षांत चाळीसेक ध्वनिमुद्रणं झाली. फोन भरला तेव्हा ते माझ्याकडे आले. मी त्यांना खातं उघडून दिलं, लांबलचक पासवर्ड ठेवायला लावला, त्यांच्या नंबरवर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावली आणि सगळी मुद्रणं क्लाउडवर चढवली. पासवर्ड लिहून ठेवू नका, असं वर बजावलंही. आतोबा सरळ माणूस. त्यांनी नाही लिहिला.

२०२१मध्ये आतोबा गेले. दोनेक महिन्यांनी नातवाने त्यांचा जुना फोन पुसून एक्स्चेंजमध्ये दिला. 'सगळं क्लाउडवर आहे' हे त्याला माहीत होतं, मीच सांगितलं होतं. नंबर प्रीपेड होता. मेलेल्या माणसाचा रिचार्ज कोण मारतं? पुढच्या वर्षी आत्याला अर्धांगाचा झटका आला. ती सावरली, बोलायला लागली, पण गाणं गेलं. मग नातीचं लग्न ठरलं आणि सगळ्यांना एकदम ती मुद्रणं आठवली.

पासवर्ड कुणालाच माहीत नाही. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, तर कोड जाणार आतोबांच्या नंबरवर. नंबर लावून पाहिला. पलीकडे कुणी तरुण मुलगा होता. नंबर त्याला रीतसर मिळालेला. मी त्याला सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, दादा, आता तुला एक कोड येईल, तेवढा सांग. तो नम्रपणे म्हणाला, "काका, ओटीपी कुणाला द्यायचा नसतो." आणि फोन ठेवला. माझंच पत्रक मला वाचून दाखवल्यासारखं झालं.

त्या मुलाचं काहीच चुकलं नाही. आतोबांचं, नातवाचं, आत्याचंही नाही. कंपनीकडे अर्ज केला. आधी यंत्राने 'आम्ही तुमची खात्री करू शकलो नाही' असं कळवलं. मग मृत्यूचा दाखला जोडून दुसरा अर्ज केला, त्यावर इंग्रजीत एक ठरीव मजकूर आला आणि पुढे शांतता. मी कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदलून गोष्ट बदलत नाही. आत्या एवढंच म्हणाली, "माजाच आवाज, न मनाच आयकाला मिलत नाय?"

या प्रश्नाला माझ्या दहा टिप्समध्ये उत्तर नव्हतं.

असल्या याद्या ज्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात, तो माणूस मी आमच्या गावठाणात अजून पाहिलेला नाही. त्या माणसाचा स्वतःचा एक फोन असतो, स्वतःचा कायमचा नंबर असतो, त्याला इंग्रजी येतं, त्याची घरच्यांपासून लपवण्याजोगी स्वतंत्र खाती असतात आणि तो कधीही मरत नाही. आमच्याकडे आईच्या आधारला मुलाचा नंबर, बापाच्या बँकेला जावयाचा, आणि रेशनकार्डाला कुणाचा ते शोधावं लागतं. गॅसचा कोड मोठ्या सुनेच्या फोनवर येतो आणि ती माहेरी गेली की सिलेंडर परत जातो. 'घरच्यांनाही सांगू नका' हा सल्ला अशा घरात कुणी कसा पाळायचा? आणि पाळलाच, तर आतोबांसारखं होतं.

या देशात मोबाइल नंबर ही आता माणसाची सही झाली आहे. पण ही सही माणसाच्या मालकीची नसते. ती कंपनीकडून वापरायला मिळालेली असते. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. त्यातून जुन्या ग्राहकाची खासगी माहिती उघडी पडते, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. नोव्हेंबर २०२३मध्ये ती निकाली निघाली. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं, की आपली जुनी माहिती पुसून टाकण्याची खबरदारी ग्राहकाने स्वतः घ्यावी. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयातूनही आपल्या हाती पडली ती एक टिपच. आणि आतोबांनी ही खबरदारी नेमकी कधी घ्यायची होती?

टिप्सवर माझा खरा आक्षेप इथे आहे. टिप दिसते मदतीसारखी, पण तिच्या पोटात जबाबदारीची बदली दडलेली असते. 'पासवर्ड मजबूत ठेवा' असं म्हटलं, की चोरी झाल्यावर पहिला प्रश्न येतो : मजबूत ठेवला होता का? 'लिंक उघडू नका' म्हटलं, की फसलेला माणूस आधी मूर्ख ठरतो आणि मग तक्रारदार. आमच्या आळीत एकजण 'डिजिटल अरेस्ट'च्या फोनला बळी पडले. पैसे गेल्याचं त्यांनी आठवडाभर बायकोलाही सांगितलं नाही. का, तर 'एवढ्या सूचना येतात, तरी कसा फसलास' हे ऐकावं लागेल म्हणून. पैसे वाचण्याची जी काही शक्यता असते ती पहिल्या काही तासांत असते. १९३० या क्रमांकावर लगेच कळवलं, तर पैसे पुढच्या खात्यांत गोठवता येतात. लाजेपोटी ते तास गेले. माझ्या पत्रकाने सावधपणा किती शिकवला ते ठाऊक नाही. लाज मात्र नक्की शिकवली.

याच्या उलट उदाहरण घ्या. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. बँकेच्या चुकीने खात्यातून पैसे गेले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच गडबड झाली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. ग्राहकाने स्वतः ओटीपी वगैरे दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, हा काटा त्यातही आहेच, आणि बँका तोच काटा पुढे करतात. तरीसुद्धा त्या दोन-चार पानांनी जे केलं, ते लाखो टिप्सनी केलेलं नाही. टिप आपल्याला सावध राहायला सांगते. नियम समोरच्याला जबाबदार धरतो.

आता 'मोफत साधनां'कडे येतो.

गावठाणातल्या माणसाला भाडं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. शेतं गेली, त्यानंतर आमच्यातल्या कितीतरी घरांची चूल भाड्याच्या खोल्यांवर चालली. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, महिन्याची पावती हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाडेकरू कितीही त्रासदायक असला, तरी त्याचं सामान खोलीत कोंडून, कुलूप बदलून आपण गावी निघून जाऊ शकत नाही. नोटीस द्यावी लागते. तो मेला, तर त्याच्या बायकापोरांना सामान न्यायला दार उघडावंच लागतं. दहा बाय दहाच्या खोलीला एवढा कायदा आहे. आणि ज्या खोलीत माणसाचे फोटो, पत्रं, हिशेब, आवाज असतात, तिला अटी घालणारा एकटा घरमालक. त्या अटी तो हवं तेव्हा बदलतो. आपण 'मान्य आहे' दाबतो.

'फुकट राहता आणि वर तक्रार करता?' हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेलाय. पण आपण फुकट राहत नाही. आपण काय पाहतो, कुठे जातो, कुणाशी बोलतो, हे भाडं रोज वसूल होतं. फक्त पावती मिळत नाही. आणि फुकटचं दारही कायम उघडं नसतं. गूगलने फोटोंसाठी दिलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१पासून बंद केली. तोवर लोकांनी वर्षानुवर्षांचे फोटो तिथे नेऊन ठेवले होते. त्याच कंपनीचं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद पडलं. याहूने जिओसिटीज २००९मध्ये गुंडाळलं, त्यात लोकांनी हाताने बांधलेली असंख्य पानं गेली. यात कुणी कायदा मोडला नाही. मोडायला कायदाच नव्हता.

आणि हा 'क्लाउड' म्हणजे ढग तरी कुठला? ऐरोली, रबाळे, महापे असं टीटीसी पट्ट्यातून ठाणे-बेलापूर रस्त्याने खाली या. खिडक्या नसलेल्या, बाहेर जनरेटरच्या रांगा असलेल्या इमारती दिसतील. ती डेटा सेंटर. देशातल्या अशा केंद्रांचा फार मोठा हिस्सा मुंबई-नवी मुंबईत आहे. समुद्राखालच्या केबली मुंबईत किनाऱ्याला लागतात आणि एमआयडीसीत जागा व वीज आहे, म्हणून ती इथे आली. त्या पट्ट्यात एकेकाळी आमच्यासारख्या गावांची शेतं होती. आत्याचा आवाज कदाचित सिंगापूरला असेल, कदाचित अमेरिकेत, कदाचित तिच्या सासऱ्याच्या शेतावर उभ्या असलेल्या इमारतीत. ती मात्र त्या दारात जाऊन 'माझी वस्तू द्या' म्हणू शकत नाही.

जमिनीचा विषय मी भावनेपोटी काढलेला नाही. या भागाने हे आधी एकदा पाहिलं आहे. आमच्या शेतांपैकी काही एमआयडीसीत गेली, काही १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या नव्या शहरात. पंचाण्णव गावांचं असंच. आजोबांच्या पिढीने न वाचलेल्या कागदांवर अंगठे उठवले. आपण 'मान्य आहे' दाबतो ते त्याच अंगठ्याने, हे मला अलीकडे सारखं जाणवतं. त्या वेळीही सल्ले देणारे होते : मोबदल्याचा पैसा जपून वापरा, दारूत घालू नका, बँकेत ठेवा. सल्ला चांगलाच होता. पण साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व अशा सल्ल्यांतून आलं नाही. ते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनातून आलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यातून आलं. जमीन गेलेल्या प्रत्येकाला 'तू तुझं बघ' म्हटलं असतं, तर ते कधीच आलं नसतं.

ऑनलाइन आयुष्याचं आज आपण तेच करतो आहोत. प्रत्येकाने आपापलं कुलूप तपासायचं. वखार कुणाची आणि किल्ल्यांचा दुसरा जुडगा कुणाकडे, ते कुणी विचारायचं नाही.

कायदा अगदीच नाही असं नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, हे २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात ठरलं. २०२३मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत. या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे : आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क कुणी बजावायचे, ते नाव नेमून देण्याची सोय. पण कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड झाला, तरी तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागायला माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे कलम होतं, ते याच कायद्याने काढून टाकायचं ठरवलं आहे. उलट, आपण 'कर्तव्यं' पाळली नाहीत, तर आपल्याला दहा हजारांपर्यंत दंड. कायदाही शेवटी टिप्सच्या यादीसारखा बोलायला लागतो, तो असा.

बँकेच्या खात्याला आता चार वारस नेमता येतात. नोव्हेंबर २०२५पासून तशी सोय झाली. खात्यात चारशे रुपये असले, तरी बँक वारसाचं नाव विचारते. मग माणसाचं सगळं आयुष्य ज्या खात्यात आहे, ते उघडताना पहिल्याच पानावर हा प्रश्न का नसतो? काही कंपन्यांनी सोय ठेवली आहे. गूगलकडे निष्क्रिय खात्याचं काय करायचं ते सांगून ठेवण्याची सोय २०१३पासून आहे, ॲपलकडे वारस-संपर्क नेमण्याची २०२१पासून. पण त्या सेटिंगच्या पोटात कुठेतरी खोल असतात. मलाही माहीत नव्हत्या, आणि मी पत्रकं छापत होतो.

तेव्हा मागण्या अशा. खातं उघडतानाच वारसाचं नाव विचारणं सक्तीचं करा. मेलेल्या माणसाचा नंबर त्याच्या घरच्यांनी कळवला, तर तो वर्षभर कुणाला देऊ नका आणि वारसाच्या नावावर करायची सोपी वाट ठेवा. या देशात धंदा करणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीची खिडकी या देशात हवी. तिथे माणूस बसलेला हवा आणि त्याला मराठी कळायला हवं. आणि नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागण्याचा हक्क परत द्या. यातली एकही गोष्ट तंत्रज्ञानाने अवघड नाही. आम्ही ती मागितली नाही, कारण आम्ही पासवर्ड बदलण्यात गुंतलो होतो.

तोवर काय करायचं, असं कुणी विचारेल, आणि विचारावंच. यंदाच्या गणपतीत मी नवं पत्रक देणार आहे. त्यात सल्ले आहेत, पण ते एकट्या माणसाला दिलेले नाहीत, घराला दिलेले आहेत.

एक वही करा. होय, कागदाची. तिच्यात घरातल्या प्रत्येकाची खाती, पासवर्ड आणि पडताळणीचे छापील राखीव कोड लिहा, आणि ती सोन्याच्या डब्यात ठेवा. शिरवण्यातल्या कपाटातली वही रशियातल्या चोराला दिसत नाही. कुठला नंबर कशाला जोडला आहे, त्याची यादी करा. घरात माणूस गेलं, तर तेराव्यापर्यंत त्याचा नंबर चालू ठेवायचं काम एकाला नेमून द्या, आणि पुढचं वर्षभर रिचार्ज मारा. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते सरकारच्या संचार साथीवर फुकट कळतं, हरवलेला फोनही तिथून बंद करता येतो. आधारचे अंगठ्याचे ठसे कुलूपबंद करता येतात, तेही फुकट. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, क्लाउडवरचं सगळं खाली उतरवून घरच्या डिस्कवर घ्या. पैसे गेले, तर लाजू नका, आधी १९३०.

आणि मोफत आणि मुक्त यातला फरक ओळखा. कीपास-एक्ससीसारखं मुक्त साधन पासवर्डांची फाइल तुमच्याच पेनड्राइव्हवर ठेवतं. ते बनवणारे उद्या हात झटकून गेले, तरी फाइल तुमची आणि उघडायचं साधनही तुमच्याजवळ. मोफत साधनात तुम्ही पाहुणे असता.

पत्रकाच्या शेवटी वरच्या मागण्या छापल्या आहेत आणि खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे. पहिली सही आत्याची. अर्धांगानंतर तिला पेन धरता येत नाही, म्हणून तिने अंगठा दिला. या वेळी मी आधी तिला सगळा कागद वाचून दाखवला.